कला महाविद्यालयात वेक्टर चित्रण कसं शिकवावं: प्रकल्पांतून, पायरीपायरीने

कला महाविद्यालयात आलेल्या मुलांचा हात बहुतेक वेळा तयार असतो. समोर बसलेल्या माणसाची ढब ती पेन्सिलीच्या चार रेघांत पकडतात. तीच मुलं वेक्टरच्या, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्रांनी चित्र रचणाऱ्या सॉफ्टवेअरसमोर बसली की रेघ ताठरते आणि वळणं गाठाळ होतात. याचं कारण कामाच्या क्रमात आहे. पेन्सिल चालवताना हात जाता जाता ठरवत असतो. वेक्टरमध्ये आधी ठरवायचं असतं, मग बिंदू ठेवायचा असतो. शिकवणाऱ्याचं मुख्य काम मुलांना हा उलटा क्रम अंगवळणी पाडून देणं हेच आहे.

हा विषय तुम्ही पहिल्यांदाच शिकवणार असाल, तर मेनूच्या क्रमाने जाऊ नका. आज पेन टूल (बिंदू ठेवत रेघ काढणारं), उद्या पाथफाइंडर (आकारांची बेरीज-वजाबाकी करणारं), परवा ग्रेडियंट (हळूहळू बदलत जाणारा रंग) असं शिकवलं तर सत्र संपेपर्यंत मुलांना अवजारांची नावं पाठ होतात, पण कोरी फाइल उघडली की सुचत काही नाही. त्याऐवजी प्रकल्प द्या, आणि ज्या दिवशी एखाद्या अवजारावाचून अडेल त्याच दिवशी ते शिकवा. आणि पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच प्रश्न विचारत राहा: हा बिंदू इथे का आहे?

सुरुवातीची तयारी

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. इलस्ट्रेटर १९८७ पासून आहे आणि स्टुडिओंमध्ये त्याचा वापर मोठा आहे. इंकस्केप मोफत आणि मुक्तस्रोत आहे, २००३ मध्ये ते सोडिपोडी नावाच्या प्रकल्पातून वेगळं झालं. कोरलड्रॉ आणि अफिनिटी हेही पर्याय आहेत. वर्गात कोणतंही एकच ठेवा. मी इंकस्केपकडे झुकते, कारण विद्यार्थ्याला घरी तेच सॉफ्टवेअर लावता येतं, आणि पेन टूलचा सराव घरी होतो तेवढा वर्गात होत नाही. बिंदू, हँडल (बिंदूतून निघणारी, वळण ठरवणारी दांडी), फिल (आकाराच्या आतला रंग), स्ट्रोक (आकाराच्या कडेची रेघ) या कल्पना सगळीकडे सारख्याच आहेत, त्यामुळे पुढे सॉफ्टवेअर बदलणं जड जात नाही.

ग्राफिक टॅबलेट नसला तरी काही अडत नाही. पेन टूलला क्लिक करून ओढायचं असतं, त्यासाठी साधा माउस उत्तम. लॅपटॉपच्या टचपॅडवर मात्र हँडल ओढताना हात आखडतो, म्हणून माउस हवाच.

पहिला तास: संगणक बंद, कात्री हातात

रंगीत कागद, कात्री, गोंद. विषय साधा द्या: टेबलावर ठेवलेली किटली, बूट, रोपाची कुंडी. अटी दोनच. पेन्सिलीने आधी काढायचं नाही, आणि रेघ म्हणून कागदाची बारीक पट्टी चिकटवायची नाही. फक्त आकार कापायचे आणि एकावर एक ठेवायचे.

मुलं कुरकुरतात, कारण त्यांना बाह्यरेषेची सवय असते. पण तासाभरात त्यांना दोन गोष्टी कळतात. किटलीचं तोंड वेगळं कापायचं की पोटासकट एकाच तुकड्यात, हा निर्णय घ्यावा लागतो. आणि मागचा आकार पुढच्या आकाराखाली थोडा सरकवावा लागतो, नाहीतर मध्ये फट दिसते. वेक्टर फाइलमध्ये पुढे नेमकं हेच करायचं असतं. फ्रेंच चित्रकार मातीस यांनी १९४० च्या दशकात कागद कापून केलेली चित्रं या तासाच्या शेवटी दाखवा. आधी दाखवलीत तर सगळे त्यांच्यासारखंच कापायला बघतात.

दुसरा तास: वक्र हाताने बांधून बघणं

हा तास बरेच शिक्षक गाळतात, मी कधीच गाळत नाही. हँडल ओढलं की रेघ तशी का वळते हे एकदा कागदावर दिसलं की पेन टूलची भीती निम्मी कमी होते.

कागदावर चार बिंदू घ्यायला सांगा, साधारण कमानीसारखे: डावीकडे खाली पहिला, त्याच्या वर दुसरा, उजवीकडे वर तिसरा, त्याच्या खाली चौथा. पहिला आणि चौथा ही वक्राची टोकं, मधले दोन म्हणजे हँडलची टोकं. चारही बिंदू ओळीने जोडले की तीन रेषा मिळतात. प्रत्येक रेषेचा मध्य काढा आणि ते तीन मध्य जोडा, म्हणजे दोन रेषा होतात. त्यांचे मध्य काढून जोडले की एकच रेषा उरते. तिचा मध्य हा वक्रावरचा बिंदू. मग मध्याऐवजी प्रत्येक रेषेचा पाव भाग मोजून तेच करा, नंतर पाऊण भाग मोजून करा. मिळालेले तीन बिंदू आणि दोन टोकं हाताने जोडली की वक्र समोर येतो. आता दुसरा बिंदू आणखी वर नेऊन हेच पुन्हा करायला लावा. वक्र त्या बाजूला ओढला जातो, पण त्या बिंदूला शिवत नाही. ओढणारं हँडल वक्राच्या बाहेरच राहतं, हे मुलांच्या बोटांना इथे कळतं.

ही रीत पॉल द कास्तेल्जो यांनी सित्रोएन या मोटार कंपनीत १९५९ च्या सुमारास शोधली. कंपनीने ती गुप्त ठेवली. रेनो कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांनी आपलं काम प्रसिद्ध केलं, म्हणून वक्रांना बेझिए हे नाव पडलं. वर्गात हे सांगायचं कारण असं की दोघांनाही गाडीच्या पत्र्याचं वळण मोजक्या आकड्यांत पकडायचं होतं, म्हणजे कोणीही, कुठेही, तेच वळण पुन्हा काढू शकेल. मुलांना कमी बिंदूंचा आग्रह जाचक वाटतो, तेव्हा हा इतिहास उपयोगी पडतो.

पहिला प्रकल्प: पान

झाडाचं एक साधं पान आणा. मागे स्कॅन ठेवून त्यावर पेन टूलने काढायचं. पण त्याआधी ट्रेसिंग पेपर ठेवून बिंदू कुठे येतील त्या जागी ठिपके द्यायचे. बहुतेकांचे पंधरा-वीस ठिपके होतात. मग विचारा: यातला कोणता काढला तर पान बदलणार नाही?

खोडता खोडता शेवटी दोन उरतात, शेंडा आणि देठाची जागा. शेंड्यावर क्लिक करून हँडल बाहेरच्या बाजूला ओढायचं, देठाशी क्लिक करून ओढायचं, पानाची एक बाजू तयार. तशीच दुसरी. पानाचा शेंडा एका अंगाला वळलेला असेल तर कड आधी बाहेर फुगते आणि मग आत येते, म्हणजे तिथे दुहेरी वळण असतं. विद्यार्थी हमखास मध्ये तिसरा बिंदू ठेवतो. तो काढायला लावा आणि दोन हँडल कडेच्या विरुद्ध बाजूंना ओढून दाखवा. दोन बिंदूंमधला एकच तुकडा ते दुहेरी वळण पेलतो. हे पहिल्यांदा बघताना चेहरे उजळतात.

शेंड्यावर टोक हवं असतं, पण सॉफ्टवेअर दोन्ही हँडल एका रेषेत ठेवतं. इथे कोपऱ्याचा बिंदू शिकवायची गरज आपोआप येते. इलस्ट्रेटरमध्ये ऑल्ट किंवा ऑप्शन की धरून हँडल ओढलं की जोडी मोडते. इंकस्केपमध्ये नोड टूलने बिंदू निवडून शिफ्ट आणि सी दाबायचं.

याच प्रकल्पात तीन सवयी लावून घ्या. गोलाई असलेल्या आकारात बिंदू सगळ्यात वर, सगळ्यात खाली, सगळ्यात डावीकडे आणि सगळ्यात उजवीकडे ठेवायचे आणि हँडल सरळ आडवी किंवा उभी ठेवायची; अक्षरं घडवणारे डिझायनर हेच करतात. हँडलची लांबी सुरुवातीला त्या तुकड्याच्या साधारण एक तृतीयांश धरायची. आणि मधूनमधून आउटलाइन व्ह्यू लावून रंगाशिवाय नुसती चौकट बघायची, कारण रंग गाठी झाकतो.

जोडीला वर्तुळ द्या. तयार वर्तुळ काढून त्याचे बिंदू बघायला सांगा. चार असतात, आणि हँडलची लांबी त्रिज्येच्या सुमारे ०.५५ पट. असं वर्तुळ गणिताच्या दृष्टीने अगदी अचूक नसतं, पण फरक डोळ्याला दिसत नाही. हे चार बिंदू लपवून मुलांनी स्वतः पेन टूलने वर्तुळ काढायचं आणि तयार वर्तुळावर ठेवून बघायचं. पाच मिनिटांचा खेळ आहे, दर आठवड्याला तासाच्या सुरुवातीला घेतला तर हात लवकर बसतो.

दुसरा प्रकल्प: चिन्हांचा संच

विषय: महाविद्यालयाच्या कार्यशाळेतली सहा अवजारं. एक चिन्ह चांगलं करणं तुलनेने सोपं आहे. सहा चिन्हं एकाच घरातली वाटायला हवीत, तेव्हा नियम ठरवावे लागतात: रेषेची जाडी किती, कोपरे गोल की टोकदार, कोन कोणते चालतील.

इथे ओटल आयशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकसाठी केलेली खेळांची चिन्हं अभ्यासायला द्या. आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांच्या तिरप्या रेषांच्या जाळीवर माणसाचं अंग कसं मांडलंय ते मुलांनी स्वतः जाळी आखून शोधावं. ऑटो नॉयराथ यांच्या आयसोटाइप (माहिती चित्रचिन्हांतून सांगण्याच्या) पद्धतीसाठी गेर्ड आर्न्ट्झ यांनी केलेली चिन्हंही बघावीत. अमेरिकेत परिवहन विभागासाठी एआयजीए या संस्थेने केलेला ५० चिन्हांचा संच (आधी १९७४ मध्ये ३४, मग १९७९ मध्ये १६) सर्वांना वापरायला खुला आहे, तो उघडून मोडतोड करायला उत्तम.

तंत्राच्या बाजूने हा प्रकल्प आकारांच्या बेरीज-वजाबाकीचा आहे. कात्रीचं उदाहरण घ्या. मोठ्या वर्तुळातून छोटं वर्तुळ वजा केलं की बोट घालायची कडी झाली. लांबट आयताचा एक कोपरा सरकवला की पातं. कडी आणि पातं जोडून एक केलं, त्याची आरशातली प्रत घेतली, दोन्ही फिरवून एकमेकांवर ठेवली. आता दोन्ही एकत्र केली तर फुलीसारखा एकच काळा ठोकळा दिसतो, दोन पाती आहेत हे कळतच नाही. म्हणून वरच्या पात्याच्या कडेने एक बारीक पांढरी फट सोडावी लागते. ती कशी काढायची हे मुलांना शोधू द्या. कोणी वरच्या पात्याला थोडं फुगवून ते खालच्यातून वजा करतं, कोणी नुसता पांढरा स्ट्रोक देतं. दोन्ही चालतं, पण स्ट्रोकवालं चिन्ह रंगीत पार्श्वभूमीवर ठेवलं की पांढरी कड उघडी पडते. तिथे चर्चा थांबवा आणि सगळ्यांना ते बघायला लावा.

बेरीज-वजाबाकी करण्याआधी मूळ आकारांची प्रत बाजूला ठेवायची, हा नियम सक्तीचा करा.

परीक्षा दोन. चिन्ह १६ पिक्सेलवर एक्स्पोर्ट करून बघायचं, तिथे कात्रीची ती फट गायब होते आणि रुंद करावी लागते. आणि छापून वर्गाच्या दुसऱ्या टोकाला लावायचं. ज्याने ते केलं नाही अशा मुलाने लांबून ओळखायचं.

तिसरा प्रकल्प: चार रंगांत चेहरा

जोडीदाराचा फोटो, प्रकाश एका बाजूने. बाह्यरेषा नाही, ग्रेडियंट नाही, फक्त चार छटा. आधी फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून उजेड आणि सावलीच्या सीमा पेन्सिलीने आखायच्या. चेहऱ्यावर सावली हळूहळू सरकत जाते, कुठेतरी रेघ मारून 'इथे सावली सुरू' असं ठरवावं लागतं. ती रेघ कुठे मारली यावर चेहरा मऊ दिसणार की कठोर हे ठरतं. मला हा प्रकल्प सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण मुलांची चित्रकलेची समज इथे पुरेपूर कामाला येते. नाकाखालची सावली आणि वरच्या ओठाची सावली एकच आकार करायचा का? अनेकदा करावा. डोळ्याची पांढरी जागा खरंच पांढरी आहे का? बहुधा नसते, सावलीच्या बाजूला तर ती गालापेक्षा गडद असू शकते.

मग मागून पुढे आकार रचायचे: सगळ्यात खाली चेहऱ्याचा मूळ रंग, त्यावर मध्यम सावली, त्यावर गडद, शेवटी उजेडाचे तुकडे. लेअरना, म्हणजे आकार ठेवायच्या थरांना, नावं द्यायलाच हवीत. रंग स्वॉचला (फाइलमध्ये साठवलेल्या रंगाच्या नमुन्याला) जोडलेले हवेत, म्हणजे स्वॉच बदलला की चित्रभर तो रंग बदलतो. ही शिस्त उपदेशाने येत नाही, म्हणून पुढची अट घाला: चित्र पूर्ण झाल्यावर त्याचं रात्रीचं रूप करायचं, एकाही आकाराला हात न लावता. ज्याने रंग सुटे भरले त्याचा तास त्यातच जातो, पुढच्या वेळी सांगावं लागत नाही.

फोटो टाकून बटण दाबलं की सॉफ्टवेअर आपणच वेक्टर करून देतं, हे मुलांना माहीत असतंच. लपवू नका. सगळ्यांकडून एकदा करून घ्या आणि आउटलाइन व्ह्यूमध्ये दाखवा. बिंदूंची गर्दी दिसते, आणि सावलीची कड तिथे पडते जिथे आकड्यांनी ठरवलं. मग त्याच मुलाचं हाताने केलेलं चित्र शेजारी ठेवा. शाईचा डाग किंवा खडबडीत पोत घ्यायचा असेल तिथे हे स्वयंचलित साधन खरोखर उपयोगी आहे, तेवढ्यासाठी वापरू द्या.

या प्रकल्पाच्या शेवटी फाइलींची अदलाबदल करा. शेजाऱ्याची फाइल उघडायची आणि दहा मिनिटांत त्या चेहऱ्याच्या भुवया वर न्यायच्या. ज्याच्या फाइलमध्ये भुवई हा वेगळा, नाव दिलेला आकार आहे त्याचं काम लगेच होतं. ज्याने सगळं एकत्र चिकटवलं त्याचा शेजारी कंटाळतो, आणि शेजाऱ्याचा कंटाळा शिक्षकाच्या शेऱ्यापेक्षा लवकर पोचतो.

मधला छोटा प्रकल्प: पुनरावृत्तीची नक्षी

वेळ कमी असेल तर हा गाळला तरी चालेल. चौकोनी तुकड्याच्या उजव्या कडेबाहेर गेलेला आकार डाव्या कडेतून आत यायला हवा, एवढंच तंत्र. पान आणि चिन्हं हीच सामग्री पुन्हा वापरू द्या. तुकडा चारही बाजूंनी मांडून डोळे किलकिले करून बघितलं की रिकाम्या पट्ट्या उठून दिसतात, त्या भरायच्या. प्रत्येक दुसरा स्तंभ अर्ध्या उंचीने खाली सरकवला तर त्या पट्ट्या बऱ्याच प्रमाणात मोडतात.

अखेरचा प्रकल्प: कापून निघणारी स्टेन्सिल

शेवटचं काम पडद्यावर संपू देऊ नका. विषय विद्यार्थ्याने निवडावा, पण चित्र जाड कागदातून कापून निघायला हवं आणि त्यातून भिंतीवर किंवा कापडावर रंग मारता यायला हवा. कटिंग प्लॉटर (फाइलीवरून पात्याने कागद कापणारं यंत्र) असला तर उत्तम, नसला तर फाइल छापून चाकूने कापा.

स्टेन्सिलची अडचण अशी की आतला सुटा तुकडा गळून पडतो. डोळ्याच्या भोवतीचं वर्तुळ कापलं की मधली बाहुली हातात येते. तिला बाहेरच्या कागदाशी जोडणारा पूल ठेवावा लागतो. नवखा विद्यार्थी चित्र पुरं करतो आणि मग त्यावर पांढऱ्या पट्ट्या मारतो, त्या ठिगळासारख्या दिसतात. त्याला मागे पाठवा: पूल चित्रातच शोध. पापणीची रेघ बाहुलीपर्यंत आणता येईल, बटेचं टोक कपाळाला टेकवता येईल. पूल किती रुंद हवा ते कागदाच्या जाडीवर ठरतं, म्हणून आधी वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्यांचा एक नमुना कापून, त्यावर ओला रंग मारून, कोणती टिकते ते बघायचं.

प्लॉटरवर पाठवण्याआधी फाइल अशी तपासायची. माप खऱ्या आकाराचं आहे ना. सगळे स्ट्रोक आकारांत बदललेत ना, कारण यंत्र बाह्यरेषेच्या मध्यावरून जातं आणि जाडी त्याला कळत नाही. मजकुराची अक्षरं आकारांत बदलली आहेत ना, आणि बदलण्याआधीची प्रत वेगळी ठेवली आहे ना. पाथ (बिंदूंना जोडणाऱ्या रेषा) बंद आहेत ना. एकाच जागी एकावर एक दोन पाथ पडले नाहीत ना. पडले असतील तर पातं तिथून दोनदा जातं आणि कागद फाटतो. बिंदूंची गर्दी असेल तिथे यंत्र अडखळत चालतं आणि कड दातेरी निघते. सत्रभर जे तोंडाने सांगितलं ते इथे कागदावरच कापलेलं मिळतं.

तास कसा चालवायचा आणि गुण कसे द्यायचे

प्रात्यक्षिक पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. मोठ्या पडद्यावर तुम्ही करताना मुलांचे माउस बंद, मग त्यांनी करताना तुम्ही वर्गात फिरायचं. विद्यार्थ्याचा माउस हातात घेऊ नका. बोटाने पडद्यावर जागा दाखवा आणि 'हा बिंदू इथे का आहे?' हा प्रश्न विचारा. मधल्या टप्प्यावर सगळ्यांची कामं आउटलाइन व्ह्यूमध्ये भिंतीवर लावून चर्चा करा. रंग नसल्यामुळे 'छान आहे' म्हणायची सोय उरत नाही, रचनेवर बोलावंच लागतं.

गुण देताना अंतिम चित्राला निम्मे आणि वाटेला निम्मे द्या: कागदावरचे ठिपके, ट्रेसिंग, टप्प्याटप्प्याने जपलेल्या फाइली, लेअरची नावं. बिंदू मोजून गुण कापू नका. मुलं मग आकड्यासाठी चांगलं वळण मोडतात. सालपटं निघालेल्या झाडाच्या बुंध्याला शंभर बिंदू लागले आणि विद्यार्थी त्यातल्या कोणत्याही बिंदूचं कारण सांगू शकला, तर ते काम चोख आहे.